जरा पर्सनलला जोडून देता का?

पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा सगळा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वार वाटून दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. भोसरी, चिंचवड, पुढे चाकणपर्यंत बहुतेक कारखाने त्या दिवशी बंद. इथल्या पोराला हे शाळेत असल्यापासून माहीत असतं, कारण बाबा घरी असण्याचा तो वार. पण परभणीहून, उमरग्याहून, साक्रीहून नोकरीसाठी फोन करणाऱ्या मुलाला ते कुठून माहीत असणार? तो नेमका गुरुवारी सकाळी बाहेरगावी फोन लावायच्या एसटीडी बूथवर जायचा, लाईन लागेपर्यंत चार वेळा नंबर फिरवायचा, आणि फोन उचलायचा गेटवरचा वॉचमन. "आज सुट्टी आहे, उद्या करा." एवढ्यात फोन ठेवलेला. मीटर पडायचं ते पडायचंच.

शुक्रवारी सकाळी मी कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसायच्या आधी गेटवरची वही बघायची. आदल्या दिवशीच्या फोनांची नोंद त्यात असे. 'नोकरीसंबंधी', 'नोकरीसंबंधी', 'नोकरीसंबंधी'. नाव नाही, गाव नाही. मग मी वॉचमनमामांना सांगितलं, की मामा, निदान नाव विचारत जा आणि शुक्रवारी अकरानंतर करा म्हणून सांगत जा. सकाळी नको, कारण आमच्याकडे शुक्रवारची सकाळ म्हणजे इतरांचा सोमवार. सगळे साहेब मशीन सुरू करण्याच्या गडबडीत. त्यांनी ते मनावर घेतलं आणि पुढे चांगलं अक्षर काढून नावं लिहू लागले.

मी एका इंजिनिअरिंग कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. आधी कॉर्डचा बोर्ड, मग बटणांचा ईपीएबीएक्स आला. रिसेप्शनचं टेबलही माझ्याकडेच. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी माझ्या कानात यायचा आणि मग आत जायचा. सप्लायर, बँक, एक्साईज, घरचे निरोप हे सगळं होतंच, पण रोज न चुकता येणारे फोन होते ते नोकरी शोधणाऱ्यांचे. "मॅडम, जरा पर्सनलला जोडून देता का?" पर्सनल म्हणजे आताचं एचआर, पण तो शब्द तेव्हा आमच्याकडे आला नव्हता.

फोनवर कोणी नोकरी देत नाही, हे खरंच आहे. पण जागा खरंच रिकामी आहे का, कोणाला भेटायचं, कोणत्या वेळी भेटायचं, सोबत काय आणायचं, आणि एवढ्या लांबून येण्याजाण्याचं भाडं खर्च करण्यात अर्थ आहे का, हे सगळं फोनवर कळतं. आणि ते विचारण्याचा उमेदवाराला पूर्ण हक्क आहे. मला हे इतकं कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण आपल्याला असा काही हक्क आहे असं वाटणारी मुलं मी फार थोडी ऐकली. बहुतेकांच्या बोलण्याची सुरुवातच माफीने व्हायची. "सॉरी हं मॅडम, त्रास देतोय." मग एकदम "नोकरी आहे का?" आणि पुढे काहीच नाही. काय शिकलाय, कोणत्या कामासाठी विचारतोय, कुठून बोलतोय, काही पत्ता नाही. अशा फोनला आतून एकच उत्तर मिळायचं, 'बायोडाटा पोस्टाने पाठवा.'

एका मुलाचा फोन मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. सकाळी दहाच्या सुमाराला, रुपयाच्या डब्यावरून केलेला. आधी नाणं पडल्याचा आवाज आला आणि लगेच तो बोलायला लागला. नमस्कार मॅडम. स्वतःचं नाव. औशाच्या आयटीआयमधून टर्नर केलंय. रविवारच्या पेपरात तुमची जाहिरात वाचली. सध्या दापोडीला चुलत भावाकडे उतरलोय. दोन गोष्टी विचारायच्या होत्या, जागा अजून आहे का आणि अर्ज घेऊन समक्ष आलो तर चालेल का? मी सवयीने म्हटलं, होल्ड करा, पर्सनलला विचारते. त्यावर तो म्हणाला, "मॅडम, माझ्याकडे एकच नाणं आहे. होल्ड केलं तर कट होईल. साहेब जागेवर कधी असतात तेवढं सांगा, मी त्या वेळेला परत करतो."

मी सांगितलं, साडेतीनला कर, चहा होऊन ते टेबलावर आलेले असतात. बरोबर साडेतीनला फोन. "मॅडम, सकाळी तुमच्याशी बोललो होतो, औशाचा टर्नर." मी लाईन आत देताना साहेबांना म्हटलं, "सर, टर्नरच्या जागेसाठी मुलगा आहे. सकाळी केला होता, साडेतीनची वेळ दिली होती, साडेतीनलाच केलाय." साहेबांनी फोन घेतला. ट्रेड टेस्टला बोलावलं, आणि पुढे तो लागलाही. नोकरी त्याला त्याच्या हातातल्या कामाने मिळाली, त्यात शंका नाही. पण त्याच आठवड्यात तितकेच चांगले टर्नर फोनवरून परत गेले असतील आणि ट्रेड टेस्टपर्यंत पोचलेच नसतील, हेही तितकंच खरं.

बाहेरच्या कोणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट यात होती. ऑपरेटर फोन आत देताना जे एक वाक्य बोलते, त्यावर साहेब फोन घेणार की 'मीटिंगमध्ये आहेत सांग' म्हणणार, हे बऱ्याचदा ठरतं. आणि ते वाक्य ऑपरेटरला उमेदवाराकडूनच मिळतं. नाव, काम, कुठली जाहिरात, नेमका प्रश्न एवढं त्याने मला दिलं, तर मी ते आत देऊ शकते. त्याने नुसतंच "साहेबांना द्या" म्हटलं, तर माझ्या हातात द्यायला काही उरत नाही. आज बोर्डावर माझ्यासारखी बाई नसेल, एक दाबा, दोन दाबा असेल, किंवा कन्सल्टन्सीतली बावीस वर्षांची मुलगी असेल जिच्यासमोर शंभर नावांची एक्सेल शीट उघडी आहे. तिलाही तुमच्याबद्दल पुढे कोणाला तरी एक ओळ सांगायचीच असते.

त्या काळात बायोडाट्यावर पत्त्याखाली फोन नंबर आणि पुढे कंसात 'पी.पी.' असायचं. म्हणजे शेजाऱ्यांचा फोन. घरी फोन हवा तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, त्यामुळे आख्ख्या चाळीत एखाद्याकडे तो असला तरी पुष्कळ. इंटरव्ह्यूचा निरोप द्यायला मीच अशा नंबरांवर फोन करत असे. पलीकडून काकू म्हणायच्या, "थांबा हं, हाक मारते." मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज, लांबवर जिन्यात मारलेली हाक, कुकरची शिट्टी, कोणीतरी विचारतंय कोणाचा फोन, कोणीतरी सांगतंय कंपनीतून आलाय. आणि मग धावत आलेल्या माणसाचा श्वास. तो श्वास खाली बसेपर्यंत मी थांबायची. मग तारीख सांगायची आणि ती परत म्हणून घ्यायची, कारण धापा टाकत ऐकलेली तारीख डोक्यात राहत नाही. कित्येकदा मुलगा घरी नसायचा आणि काकूच कॅलेंडरच्या मागे निरोप लिहून घ्यायच्या. ह्या शेजारच्या काकूंनी महाराष्ट्रातल्या किती घरांची चूल पेटती ठेवली, याचा हिशेब कुठेच झालेला नाही.

एसटीडीचंही तसंच. रात्री उशिरा दर चौथाईवर यायचे, तेव्हा बूथवर रांगा लागायच्या. पण रात्री अकराला कुठल्या कंपनीत पर्सनलचे साहेब भेटणार? सवलत घरच्यांशी बोलायला उपयोगी. नोकरी शोधणाऱ्याला भर दुपारी, पूर्ण दराने, समोर पळणाऱ्या लाल आकड्यांकडे बघत बोलावं लागायचं. ज्याच्या खिशात सगळ्यांत कमी पैसे, त्याचाच फोन सगळ्यांत महाग. म्हणून बाहेरगावचा फोन असला की मी कधी होल्डवर टाकत नसे. नंबर घेऊन ठेवा म्हणायची आणि आपल्याकडून लावायची. त्यावरून मला वरून बोलणी बसली आहेत, पण मी ते सोडलं नाही.

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाईलवरून फोन केला, तो देशातला पहिला मोबाईल कॉल. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि काही वर्षांत बायोडाट्यावरचं 'पी.पी.' नाहीसं झालं. प्रत्येकाचा स्वतःचा नंबर आला. त्याने माणसाची केवढी मान वर झाली, हे मी बोर्डावरून ऐकलंय. धावत येणाऱ्याचा तो श्वास थांबला.

पण इनकमिंग फुकट आहे हे आता अर्धंच खरं. २०१८ च्या अखेरीपासून ठरावीक रकमेचं रिचार्ज मारलं नाही, तर काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात. घरात दोन सिम, चार माणसं, आणि नोकरी नसलेल्या मुलाचं रिचार्ज सगळ्यांत शेवटी. आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलाचं असंच झालं. चाकणच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू चांगला झाला, आणि नेमक्या त्या आठवड्यात फोन बंद. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, नोकरी शोधायच्या महिन्यांत बाकी काही मागे राहिलं तरी चालेल, रिचार्ज राहू देऊ नका. आईवडिलांनाही सांगते, तो खर्च चैनीचा धरू नका. मोबाईलची कंपनी बदलायची असेल तर नंबर तोच ठेवून बदला. २०११ पासून देशभर ती सोय आहे. आणि अर्जावर दुसरा नंबर द्या, घरातल्या अशा माणसाचा जो निरोप नीट घेईल. ती जुनी शेजारची काकू आता आपल्यालाच घरात तयार करावी लागते.

अनोळखी नंबर उचलायचा की नाही, हा आजचा मोठा प्रश्न. १४० ने सुरू होणारे जाहिरातीचे असतात, ते सोडून द्या. बाकी अर्ज केलेले असताना उचलावेतच. उचलता आला नाही तर त्याच दिवशी परत लावावा, आणि "कोण बोलतंय?" असं खेकसण्याऐवजी, "नमस्कार, मला या नंबरवरून फोन आला होता, माझं नाव अमुक, मी नोकरीसाठी अर्ज केलेत" असं सांगावं. मिस्ड कॉल मात्र देऊ नये. पैसे वाचवायला दिलेला असतो हे मला कळतं, पण ज्याच्याकडे काम मागायचं त्याने आपल्या खर्चाने आपल्याला शोधावं, असा त्याचा अर्थ निघतो.

इंग्रजीची भीती तर आमच्या मुलांना फोनवर दुप्पट वाटते. समोर बसलेलं असलं की हातवारे असतात, चेहरा असतो, कागद पुढे करता येतो. फोनवर नुसता आवाज. पुण्यात, नाशकात, संभाजीनगरात कारखान्यातल्या कामासाठी फोन करताना सरळ मराठीत सुरुवात करावी. मराठीत विचारलं म्हणून एखाद्या फिटरला किंवा अकाउंट असिस्टंटला परत पाठवलेलं मी पाहिलेलं नाही. जिथे कामच इंग्रजीतून आहे तिथे इंग्रजी लागणारच, आणि त्यासाठी सुरुवातीची चार वाक्यं मोठ्याने म्हणून म्हणून तोंडात बसवावीत. नाव, शिक्षण, आधी काय काम केलं, आता काय शोधतोय. ती सरळ निघाली की छातीतली धडधड निम्मी होते. मग अडलं तर "हिंदीत सांगू का?" असं विचारायला काहीच हरकत नाही.

आता पहिला इंटरव्ह्यूच फोनवर घेतात. माझ्या शेजारच्या इमारतीतल्या एका मुलीचा मागच्या पावसाळ्यात असा होता, बी.कॉम. झालेली, पेरोलच्या कामासाठी. घर एका खोलीचं. आजोबांचा टीव्ही, धाकट्या भावाचा क्लास, आईचे डबे. बोलायचं कुठे? गच्चीवर पाऊस, जिन्यात रेंज नाही. बायोडाटा कसा लिहावा हे सांगायला ढीगभर माणसं आहेत, पण दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या मुलीने वीस मिनिटं शांतपणे बोलायचं कुठे, याचा विचार कोणी करत नाही. ती माझ्याकडे आली. आम्ही बेडरूमचं दार लावलं, पंखा बंद केला कारण तो फोनमध्ये घरघरतो, चार्जर लावून ठेवला, कॉल वेटिंग बंद केलं. टेबलावर बायोडाटा, जाहिरातीची प्रिंट, कोरा कागद, पेन आणि पाण्याचा ग्लास. स्पीकरवर टाकू नकोस म्हटलं, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होतो. आणि खुर्चीत ताठ बस. पलंगावर रेलून बोललेलं कानाला लगेच कळतं.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटत होती ती तिच्या घाईची. फोनवर शांतता पडली की मुलं घाबरतात आणि सुचेल ते बोलत सुटतात. पलीकडचा माणूस लिहून घेत असतो, म्हणून गप्प असतो. हे मी तिला दोनदा बजावलं. उत्तर संपलं की थांब, त्याला लिहू दे. आणि ऐकू आलं नाही तर "परत सांगता का" म्हण, अंदाजाने उत्तर देऊ नकोस. ती छान बोलली. पगाराचं विचारलं तेव्हा तिने आम्ही ठरवलेला प्रश्न विचारला, सर, सीटीसी सांगितलात, हातात किती येतील? पीएफ कापून? नोकरी कंपनीच्या रोलवर आहे की कंत्राटदाराकडून? बस आहे का? हे विचारलं की नोकरी जाईल असं तिच्या आईला वाटत होतं. पलीकडच्या साहेबांनी एकेक करून सगळं सांगितलं.

फोन ठेवायच्या आधी आणखी एक गोष्ट राहू देऊ नये. 'कळवतो' म्हटलं की मुलं "ओके सर, थँक्यू सर" म्हणून ठेवतात आणि मग महिना महिना वाट बघतात. त्याऐवजी विचारावं, "साधारण कधीपर्यंत कळेल? तोवर आलं नाही तर कोणत्या वारी फोन करू?" वार मिळाला की त्या वारी फोन करायचा. रोज करायचा नाही, दिलेला वार चुकवायचाही नाही. नकार आला तर नकार. पण नकार देणाऱ्यालाही विचारता येतं, की दुसऱ्या प्लांटला किंवा तुमच्या माहितीत कुठे जागा आहे का? या प्रश्नातून लागलेली माणसं मला माहीत आहेत.

ओळखीच्यांना फोन करायलाही लोक संकोचतात, आणि केलाच तर सख्ख्या काकामामांना करतात. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिलं, की नोकरीची खबर जवळच्या माणसांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते, कारण जवळच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. माझ्या मुलीच्या एमबीएच्या अभ्यासात हे होतं, आणि तिने सांगितलं तेव्हा मला बोर्डावरचे कितीतरी फोन आठवले. आयटीआयमधला दोन वर्षं पुढचा मुलगा, जुन्या भाडेकरूंचा जावई, लग्नात ओळख झालेला सुपरवायझर. यांना फोन करावा, आणि 'मला चिकटवा' न म्हणता 'तुमच्याकडे भरती निघाली तर कळवाल का' एवढंच म्हणावं. तेवढं करायला कोणालाही जड जात नाही.

फसवणाऱ्यांचे फोन मात्र आता फार वाढलेत आणि ते नेमके गरजू मुलालाच गाठतात. फोन करणारा गोड बोलतो, मोठ्या कंपनीचं नाव घेतो, विचारपूस न करताच निवड झाली म्हणतो. मग रजिस्ट्रेशन, गणवेश, लॅपटॉपचं डिपॉझिट, काहीतरी करून पैसे मागतो. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही. एवढं एक ध्यानात ठेवावं, ओटीपी कोणाला सांगू नये, आणि त्या कंपनीचा नंबर स्वतः शोधून तिथे फोन करून विचारावं की तुमच्याकडून असा फोन झाला का. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर कळवावं. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. घरच्यांनी अशा वेळी मुलाला बोल लावू नये. नोकरीच्या आशेपायी फसलेल्या पोराला धीराची गरज असते.

हे सगळं उमेदवारांनी करायचं. पण पलीकडे बसणाऱ्यांशीही मला बोलायचंय, कारण मी त्याच बाजूला बसलेली आहे. आजच्या जाहिरातींत नंबरच नसतो, नुसता मेल आयडी किंवा लिंक. ज्या मुलाने आयुष्यात मेल लिहिलेला नाही, त्या वेल्डरने विचारायचं कोणाला? नंबर असला तर तो वाजत राहतो. निवड झालेल्यांना फोन जातो, न झालेल्यांना कोणी काही सांगत नाही, आणि ती मुलं गावी परत जायचं की आणखी आठवडाभर चुलत भावाकडे राहायचं, हे न कळून अडकून पडतात. एका माणसाने आठवड्यातून एक दुपार काढली तर ही सगळी उत्तरं देऊन होतात. आमच्या कारखान्यात ते होत होतं, तेही एकाच बोर्डावरून.

तेव्हा भरती काढणाऱ्यांनी एवढं करावं. जाहिरातीत एक चालू नंबर छापावा, तो कोण उचलणार त्याचं नाव द्यावं, वेळ लिहावी, अकरा ते एक, तीन ते साडेचार, जी असेल ती. आणि कारखाना पिंपरी-चिंचवडचा असेल तर खाली ठळक अक्षरांत, गुरुवारी सुट्टी.